लुगड्याच्या काठाचं दावं
मांजर मारली की सात जन्मांचं पाप लागतं, एवढ्याच भीतीने सासूने माझी माहेराहून, कुडपणहून आणलेली मांजर जिवंत ठेवली होती. मांजरीने सुकट चोरली त्या दिवशी मात्र सासूने सांगून टाकलं, "शिमगा झाला की हिला आंबेनळीच्या घाटात सोडते. पोत्यातून वाट दिसत नाय. पोर झालं नाय तर मग तुझी पाळी गो." नवरा मुंबईला गिरणीत होता, सांगणार कुणाला? मी जुन्या लुगड्याचा काठ फाडला, मांजरीच्या पुढच्या पायांखालून घेतला आणि पाठीवर गाठ मारली. चार दिवस ती आडवी पडून राहिली, तिने माझे हात ओरबाडले. मग सासूच्याच मडक्यातली सुकट पुढे धरली, तशी उठली. सरपणाला जाताना तिला रोज थोडी पुढे नेत घाटापर्यंत नेली. "मांजर चारायला चालली," म्हणत सगळी वाडी हसली, सासू सगळ्यात मोठ्याने. शिमग्यानंतर सासू बोलल्याप्रमाणे घाटात गेली आणि रिकामं पोतं झटकत परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मांजर चुलीपाशी बसून पंजा चाटत होती. सासू दारातच थबकली. "हिला वाट कुणी दावली?" मी खुंटीवरचा लुगड्याचा काठ काढून तिच्या पुढ्यात टाकला. "मी दावली, आत्या. आता माझी पाळी ना? न्या घाटात. परत यायची वाट आमी दोघी एकदमच शिकलो."