कायद्याने बाप

"दवाखान्यातली त्याची सही दाखवली की भागेल," वकीलबाई म्हणाल्या.

"नको. त्याच्या तोंडून वदवा, त्याच्या आईच्या देखत," सुलक्षणा म्हणाली.

घटस्फोटानंतर पोटगी चुकवायला रणजितने 'मुलगी माझी नाहीच' असा पवित्रा घेतला होता. सुनेचं पाप उघडं पडेल म्हणून सासूबाई कोर्टात पुढेच बसल्या होत्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी सुलक्षणाला चारचौघींत वांझ म्हणून हिणवलं होतं, आणि रणजित मुकाट ऐकत राहिला होता.

"मुलगी तुमची का नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"दवाखान्याने शुक्राणू माझे नाही, दात्याचे घेतले होते."

"का?"

रणजितने आईकडे पाहिलं. "दोष माझ्यात होता."

"उपचाराला संमती कुणाची?"

"माझीच."

"मग कायद्याने बाप तुम्हीच," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी पोटगी मंजूर केली.

बाहेर सासूबाईंनी सुलक्षणाचा हात धरला. "पोरी, मला आधी का नाही सांगितलंस?"

सुलक्षणाने हात सोडवून घेतला. त्यांचे डोळे भरलेले बघून तिला बरं वाटलं.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर गावभर सांगत सुटला होतात. आता हेही सांगा."