तीन सकाळच्या डब्या

"औषध सुरू करायचं की थांबून बघायचं, तुम्हीच ठरवा," डॉक्टर रफूगराला म्हणाले.

"जंतू क्षयाचा नाही, पण त्याच्याच भावकीतला. संथ आहे. औषध दीड वर्षाचं. त्यातली एक गोळी कधीकधी डोळ्यांवर जाते. लाल-हिरवं कळेनासं होतं."

चाळीस वर्षं तो लोकांच्या फाटक्या कपड्यांत असा धागा मिसळत आला होता, की मालकालाही भोक सापडू नये. रंगच गेले तर हातात नुसती सुई उरणार.

"आणि नाही घेतलं तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित फुफ्फुस पोखरलं जाईल."

शेजारी बसलेली बायको खोकली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"घसा धरलाय," ती म्हणाली. "यांना सोबत."

शेवटी ठरलं. तीन सकाळी थुंकी तपासायला द्यायची. जंतू वाढले नसतील तर नुसतं लक्ष ठेवायचं, वाढले असतील तर मुकाट्यानं गोळ्या घ्यायच्या.

तिन्ही सकाळी तो खाकरून खाकरून डबीत थुंकला. बायको डबी पिशवीत घालून प्रयोगशाळेत देऊन आली.

"मी जातो की," तो म्हणाला.

"तिथले जिने तुम्हाला झेपायचे नाहीत."

"एवढी माया? लग्नाच्या वर्षीही नव्हती."

ती हसली नाही.

दीड महिन्यानं अहवाल आला. तिन्ही डब्यांत जंतू, तेही भरपूर. बायकोनं अहवाल डॉक्टरांपुढे परत सरकवला.

"पुन्हा तपासा ना. काहीतरी चुकलं असेल."

"तीनदा चुकत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले.

रफूगरानंच तिला गप्प केलं. ठरलं म्हणजे ठरलं.

गोळ्यांनी तोंडाची चव गेली, अंगावरचे कपडे लोंबू लागले. चौथ्या महिन्यात त्यानं डॉक्टरांसमोरच दिलेली थुंकी स्वच्छ निघाली. औषध लागू पडलं म्हणून डॉक्टर खूश झाले. पाचव्या महिन्यात त्यानं एका तांबड्या कोटाला हिरव्या धाग्यानं रफू केलं. गिऱ्हाईक भलं होतं, काही बोललं नाही; परत मात्र आलं नाही. डॉक्टरांनी ती गोळी तडकाफडकी बंद केली, पण रंग काही परतले नाहीत. त्यानं दुकानाला कुलूप लावलं. आपण जिवंत राहिलो, याचाच त्याला राग येऊ लागला.

बायकोचा खोकला एव्हाना दिवसभर चालायचा. एका दुपारी तिच्या रुमालावर डाग दिसला. तो रक्ताचा आहे का, हे त्याला तिलाच विचारावं लागलं.

"उद्या तुझीही थुंकी तपासू," तो म्हणाला. "इतके दिवस अंगावर का काढलंस?"

तिनं रुमालाची घडी घातली.

"तपासून झालीय," ती म्हणाली. "तुमचे डोळे वाचावेत म्हणून तुमच्या डब्या मी वाटेतच फेकल्या. तुमच्या नावानं दिली ती माझी थुंकी होती."