बिनयादीचे बस्ते

कुळकायदा आला त्या वर्षी अकोल्याच्या कमलाकांत वकिलांना आपल्या मुन्शीचा संशय येऊ लागला. सूर्यभान अशिलांचे कागद नुसते बस्त्यांत बांधून ठेवायचा. यादी नाही, नंबर नाही. हात घातला की पाहिजे तो कागद निघायचा, पण फक्त त्याच्याच हाताला.

"फायली कर, रजिस्टर ठेव. तुझ्यावाचून माझं अडावं म्हणूनच हे चालवलंस ना?"

"तसं समजून राहिले त तसंच समजा, साहेब. आधी रजिस्टर पाहा, मंग फाइल, मंग कागद. इतके चक्कर कायले?"

रविवारी कचेरी बंद ठेवून वकिलांनी स्वतः सगळे बस्ते सोडले, पण हवा तो कागद हाती लागला नाही. सोमवारी सूर्यभान आला, तर वकिलांसमोर त्यांच्या अशील मैनाबाईचा जमीनमालक पाय पसरून बसलेला. त्याच्याविरुद्धच मैनाबाईची केस हे वकील लढत होते, आणि ती केस शेत मक्त्याने कसायला दिल्याच्या एका कागदावर उभी होती.

"मैनाबाईचा कागद काढ."

"काहून? तिची तारीख त पुढच्या महिन्यात हाय."

"काढ म्हटलं ना!"

"तो मी कवाच तिच्या घरी देऊन आलो, साहेब. यादी असती त तुमाले पैलेच समजलं असतं."