तार अजून तशीच हाय

"आजोबा, नातवाला अंगणात सोडू नका, एवढं ऐका माझं," रुचिता म्हणाली आणि नियमाप्रमाणे तिनं फोन तोडला.

वीज कंपनीच्या तक्रारी ऐकणारं हे कॉल सेंटर न्हावा शेवा बंदराच्या रस्त्याला लागून होतं. चालवायला एका ठेकेदाराला दिलेलं. त्याला पैसे मिळायचे ते कॉलमागे. म्हणून तक्रार ऐकायची, 'निकाली'चं बटण दाबायचं, फोन तोडायचा. माणूस वैतागून पुन्हा फोन करतो, म्हणजे आणखी एक कॉल. मेला कसला हा धंदा! पण घरात कमावणारी रुचिता एकटीच, त्यामुळे तीही बटण दाबायची.

बुधाजी आजोबांनी मात्र तिची झोप उडवली होती. पालीच्या पुढे एका वाडीत त्यांचं घर. खांबावरची तार तुटून अंगणात लोंबत होती आणि नातू तिथंच खेळायचा. दुपारी बाकीचे फोन थंडावले की यांचा फोन हमखास यायचा.

"तार अजून तशीच हाय गो पोरी. सून कामाला जाते. मी म्हातारा किती धावू त्याच्यामागं?"

बोलता बोलता ट्रेलरचा हॉर्न वाजायचा आणि त्यांचा शब्द बुडायचा. रुचिता हेडफोन कानावर दाबून धरायची. खिडकीखाली दिवसभर ट्रेलरांची रांग, माणसाचं धड ऐकू कुठं येतं!

एके दिवशी आजोबांचा आवाज फुटला. "आज त्यानं तारंला काठी लावली गो."

घरी गेल्यावर रुचितानं ओळखीतून पालीच्या गणराज वायरमनचा नंबर मिळवला. "वाडी माहीत आहे, ताई. घर शोधतो. उद्या पहिलं काम हेच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला तेव्हा तिला हसू आवरेना. "आजोबा, वायरमन निघालाय. आता तुम्हाला परत फोन करावा लागणार नाही."

"बरं" एवढंच म्हणून त्यांनीच फोन ठेवला. बिचारे गहिवरले असतील, असं तिला वाटलं.

संध्याकाळी सुपरवायझर अल्पेशनं तिला आत बोलावलं.

"परस्पर वायरमन पाठवलास? तक्रारी अशा सुटायला लागल्या तर फोन कोण करणार, रुचिता?"

"पोर मेलं असतं, सर!"

"वर तुला ठेवता येणार नाही," अल्पेश शांतपणे म्हणाला. "पण काढत नाही. खालच्या खोलीत जागा आहे. तुझा गळा चटकन भरून येतो, तिथं उपयोग होईल."

रुचिताला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही. पोर वाचलं ना, मग झालं तर.

सकाळी ती खाली गेली. बुटकी खोली, ओळीनं फोन, उघड्या खिडकीबाहेर ट्रेलर. एक म्हातारा चहात पाव बुडवून खात बसला होता.

"नवीन का गो पोरी? बस," तो म्हणाला.

तो आवाज ऐकून रुचिता दारातच थिजली.

"तारंचं आता चालायचं न्हाय, वर कुणीतरी शानपणा केला," म्हाताऱ्यानं फोन तिच्याकडे सरकवला. "आजपासून नातवाला शॉक लागलाय. तू सून हो. जरा रड."