पळणारा पिठ्या

पृथ्वीहून चंद्रावरच्या वस्तीत आलेली पहिली सीताफळाची रोपं जाळायला काढली होती. पानावरचा पांढरा किडा पाहून तपासणीयंत्राने निकाल दिला होता, "पिठ्या ढेकूण."

"आत्याबाई, यंत्र चुकत नाही," तपासनीस असलेली सून सुलभा रडवेली होऊन म्हणाली.

"मीही चुकत नाही, पण सांगत फिरत नाही." चाळीस वर्षं द्राक्षबाग राखलेल्या तिच्या सासूबाई गोदूबाईंनी किड्याला काडी लावली. तो तुरुतुरु पळाला.

"पिठ्याला पळता येतं होय गं? ही ढालकिड्याची अळी आहे. दिसते पिठ्यासारखी आणि खाते पिठ्यालाच. राखणदाराला जाळता का?"

यंत्र ओशाळून म्हणालं, "मला फक्त फोटो दाखवले होते."

"फोटोवर विसंबलास? फोटो बघून तर आम्ही ही सून केली."

सुलभाने हसत हसत भट्टी विझवली.