बरोबर काय आणलंय?

"फुकट ते पौष्टिक म्हणत तुझ्या बाबांनी खेळाडूंच्या करारांवर सह्या केल्या आणि क्लब गाळात गेला," चहाचा कप तिच्यापुढे सरकवत सेक्रेटरी म्हणाले. "नव्या स्टँडला त्यांचं नाव द्यायचं की नाही, ते आज संध्याकाळच्या बैठकीत ठरेल. मी तुझ्या बाजूनं आहे गं. पण लोक त्या गोलकीपरचं विचारणारच."

भिंतीवरच्या हार घातलेल्या जुन्या फोटोत बाबा गळ्यात प्रशिक्षकाची शिट्टी अडकवून हसत होते.

करार संपलेले खेळाडू हेरण्यात बाबांचा हातखंडा. आधीच्या क्लबाला दमडी द्यावी लागत नसे, म्हणून सगळे त्यांना 'फुकटातले' म्हणत. बाबांना तो शब्द खपायचा नाही. "फुकट कुणी येत नाही," ते म्हणायचे. "सहीची बिदागी असते, दलालाचा वाटा असतो, वर जुनी दुखणी." म्हणून सही करण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, "बरोबर काय आणलंय?" कुणी सांगे, तापट डोकं. एकानं मान खाली घालून सांगितलं होतं, सासू. रात्री जेवताना हा किस्सा रंगला की आई हसून हसून डोळे पुसायची. राहायला जागा मिळेपर्यंत नवे खेळाडू त्यांच्याच घरी उतरत. जिन्यात चिखलाचे बूट, न्हाणीघरात ओले मोजे. तेव्हा ती कुरकुरायची. आता तोच वास हवासा वाटत होता.

"बाकीचे ठीक होते गं," सेक्रेटरी म्हणाले. "पण हा गोलकीपर? गुडघा गेलेला, बायको नुकतीच वारलेली. डॉक्टर नको म्हणत असताना दोन वर्षांचा करार! चार सामने खेळला आणि बसला. पगार चालू, ऑपरेशन आपल्या माथी. दुसरा गोलकीपर घ्यायला पैसा उरला नाही आणि आपण खालच्या विभागात."

"बाबांनी कारण काही सांगितलं नाही?"

"कारण कसलं! त्याच मोसमात तुमच्या घरी तुझा पाळणा हलला. इतक्या वर्षांनी! तुझा बाप जमिनीवर होता कुठं? त्या भरात ठोकली सही. बैठकीत हेच सांग. लोक हसतील आणि माफ करतील."

बाबांसाठी तिला माफी नको होती. चहा तसाच ठेवून ती स्टँडखालच्या सामानाच्या खोलीत गेली.

गोलकीपर तिथंच होता. त्याला सगळे भिंत म्हणत. आधी कौतुकानं, मग चेष्टेनं, कारण करार संपला तरी तो हलला नाही. दुसऱ्या क्लबानं बरी नोकरी देऊ केली तरी जाळ्या सांधत, चेंडूत हवा भरत तो इथंच राहिला. शाळा सुटली की ती धावत या खोलीत यायची. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला तो हातमोजे आणायचा, माप न घेता, आणि ते नेमके बसायचे. "माझ्या लेकीचे पंजे बघा!" बाबा आपला इवलासा हात तिच्या हाताला लावून सगळ्यांना दाखवायचे.

"आलीस? तो चेंडू सरकव आणि बस," भिंतकाका म्हणाला. मांडीवर फाटकी जाळी होती.

"काका, सही करताना बाबांना तुमच्या गुडघ्याचं माहीत होतं?"

"तो काय आंधळा होता? लंगडतच आलो होतो मी."

"मग का घेतलं तुम्हाला? संध्याकाळी लोक म्हणतील, आनंदात भान सुटलं. बाबांचं भान सुटायचं नाही, काका. त्यांच्या पदरात काय पडलं, ते मला सांगा."

त्यानं सुई जाळीत खोचली.

"तुझी आई गेली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, आता पोरीला सांगू या. तो म्हणाला, मी आहे तोवर नको." भिंतकाकानं जाळी मांडीवर सारखी केली. "सहीच्या आधी त्यानं मलाही विचारलं होतं. बरोबर काय आणलंय?"

तिला हसू आलं. त्यानं बाबांचा आवाज हुबेहूब काढला होता. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"गुडघा," तो म्हणाला. त्याचे मोठाले पंजे जाळीवर थबकले. "आणि तू."