छातीचा फोटो

"हनुवटी वर घ्या, काका. आणि हसू नका."

"का? फोटोच आहे ना?"

"छातीचा आहे. यात तोंड येत नाही."

"बरं झालं. तोंड आता दाखवण्यासारखं राहिलेलंच नाही."

ती हसत काचेमागे गेली. फोटो स्टुडिओवाल्या काकांनी तिने न सांगताच हात कमरेवर ठेवले, खांदे पुढे घेतले आणि छाती प्लेटला टेकवली. तिला कौतुक वाटलं. जन्मभर लोकांना नीट उभं करणारा माणूस, त्याला कसं उभं राहायचं ते कोण सांगणार?

"श्वास घ्या. धरा. सोडा."

छातीचा एक्स-रे काढा म्हणून महिनाभर ती त्यांच्या मागे लागली होती. खोकला हटत नव्हता, शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. काका दाद देत नव्हते. आज मात्र भर दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आपणहून दारात हजर.

फिल्म मशीनमधून बाहेर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात तिने खिशातला फॉर्म त्यांच्यापुढे धरला. हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच तिचे सहा फोटो लागणार होते. 'आपली पार्श्वभूमी' यापुढे तिने लिहिलं होतं, एक्स-रे टेक्निशियन. 'आपल्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे?' यापुढे फक्त काकांचं नाव. खाली चार ओळी कोऱ्या.

"एवढंच? चांगली मोठमोठ्यांची नावं टाकायची की!"

"मोठमोठ्यांनी मला डार्करूममध्ये घेतलं नव्हतं."

नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून ती त्यांच्याकडे गेली, तेव्हा बावीस वर्षांची होती. डोळे मिटले म्हणून तीनदा बोलणी खाल्ली. चौथ्यांदा फोटो जमला, तर हिने विचारलं, "धुताना बघू?" लाल उजेडात, पाण्याखालच्या कोऱ्या कागदावर स्वतःचा चेहरा उमटताना पाहिला आणि ती त्या दुकानाचीच झाली. तिला वडील नव्हते. तेरा वर्षं तिचा एकही रविवार चुकला नाही. उजेड कुठून येतोय ते आधी बघ, माणूस नंतर, हे काकांनी तिच्या डोक्यात भिनवलं. तिची एकही चूक कधी पोटात घातली नाही.

फिल्म सरकत बाहेर आली. तिने ती दिव्याच्या पेटीवर लावली.

उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, लिंबाएवढा पांढरा गोळा होता.

दिवसाला चाळीस छात्या बघणारी ती. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. फिल्म दुसऱ्या कोणाची असेल म्हणून तिने कोपऱ्यातलं नाव वाचलं. परत वाचलं. हेच नाव तिने सकाळी फॉर्मवर लिहिलं होतं.

मागे काका शर्टाची बटणं लावत होते. "कसा आलाय?"

तिने फिल्म ओढून काढली आणि पोटाशी धरली. "हललाय. परत काढू."

काकांनी हात पुढे केला. ती देईना. त्यांनी एकेक बोट सोडवत फिल्म घेतली, पेटीवर लावली, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"कडा बघ किती स्वच्छ आल्यात. म्हणे हललाय!"

"काका, डॉक्टर बघतील ना. जुना डाग असेल. काहीही असू शकतं..."

"दोन महिन्यांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलात काढला होता. गाठीचा तुकडाही तपासून झालाय." ते फिल्मकडेच बघत होते. "तुला सांगायला रोज निघायचो आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचो. शेवटी म्हटलं, तूच काढ आणि तूच बघ."